विस्मरणाचा हिशेब : हेर्मान एबिंगहाउस यांचे जीवन आणि कार्य

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला

• एबिंगहाउस यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• स्मरण आणि विस्मरण मोजण्यासाठी त्यांनी योजलेली पद्धत स्पष्ट करता येईल;
• सलग उजळणी आणि अंतराने केलेली उजळणी यांतील फरक उदाहरणासह मांडता येईल;
• स्वतःच्या अभ्यासक्रमासाठी प्रश्नकार्डे तयार करून त्यांच्या उजळणीचे वेळापत्रक आखता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून अभ्यास करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याची एक तक्रार नेहमी ऐकू येते. रात्री जागून वाचलेले प्रकरण दुसऱ्या दिवशी पुसट झालेले असते आणि आठवड्याने तर ते आपण वाचले होते की नाही, अशीच शंका येऊ लागते. या अनुभवाचा दोष विद्यार्थी आपल्या वयाला देतो, बुद्धीला देतो, क्वचित नशिबालाही देतो. शिक्षण मध्येच सुटून अनेक वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्याच्या मनात तर ही शंका घर करून बसते, आणि पुष्कळदा शिक्षण दुसऱ्यांदा सुटण्याचे तेच कारण ठरते.

विसरणे हा व्यक्तीचा दोष आहे की मनाच्या व्यवहारातील एक नियम, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका जर्मन तत्त्वज्ञाने स्वतःपुढे ठेवला. त्याचे उत्तर त्याने तर्काने शोधले नाही. घड्याळाची टिकटिक आणि स्वतःची स्मरणशक्ती एवढ्याच साधनांनी त्याने ते मोजून काढले. त्याचे नाव हेर्मान एबिंगहाउस. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत आणि त्यांच्या शोधाचा आपल्या अभ्यासाशी कोणता संबंध आहे, तेही पाहणार आहोत.

बालपण आणि शिक्षण

हेर्मान एबिंगहाउस यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतातील बार्मेन या गावी झाला. बार्मेन हे कापडधंद्यासाठी प्रसिद्ध असलेले औद्योगिक नगर होते. आज ते वुप्पर्टाल या शहराचा भाग आहे. एबिंगहाउस यांचे घराणे व्यापाऱ्याचे आणि ल्यूथरपंथीय होते. शालेय शिक्षण गावीच पूर्ण करून वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे १८६७ मध्ये, त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला. आरंभी त्यांचे विषय इतिहास आणि भाषाशास्त्र हे होते. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी हाले आणि बर्लिन येथील विद्यापीठांतही अध्ययन केले. याच काळात त्यांचा ओढा हळूहळू तत्त्वज्ञानाकडे वळला.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. शिक्षण बाजूला ठेवून एबिंगहाउस प्रशियाच्या सैन्यात दाखल झाले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा अभ्यासाकडे परतले आणि १८७३ मध्ये बॉन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. एडुआर्ड फॉन हार्टमान या तत्त्ववेत्त्याने मांडलेली अबोध मनाची कल्पना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

भटकंती आणि एका ग्रंथाची भेट

पदवी मिळाली तरी पद मिळाले नाही. पुढील काही वर्षे एबिंगहाउस यांनी बर्लिन, इंग्लंड आणि फ्रान्स येथे काढली. उपजीविकेसाठी शिकवणे आणि उरलेल्या वेळात स्वतंत्र वाचन करणे, असा त्यांचा क्रम होता. या भटकंतीत जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात गुस्टाफ फेख्नर यांचा, १८६० मध्ये प्रसिद्ध झालेला, मनोभौतिकीवरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

या ग्रंथाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मन ही मोजण्याची वस्तू नव्हे, अशी तेव्हाच्या विद्वानांची सर्वसाधारण समजूत होती. फेख्नर यांनी या समजुतीला धक्का दिला. हातात धरलेल्या वजनात किती भर घातली असता फरक जाणवतो, प्रकाश किती वाढला असता तो अधिक वाटतो, अशा प्रयोगांतून बाह्य उद्दीपक आणि त्याचे संवेदन यांचे गणिती नाते त्यांनी मांडले होते. संवेदनासारखी अंतःकरणातील गोष्ट मोजता येते, तर स्मरणासारखी अधिक गुंतागुंतीची गोष्ट का मोजता येऊ नये, हा विचार एबिंगहाउस यांच्या मनात रुजला. फेख्नर यांचे हे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. पुढे आपला मोठा ग्रंथ त्यांनी फेख्नर यांच्याच स्मृतीस अर्पण केला.

१८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिश येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. त्याच सुमारास एबिंगहाउस यांनीही प्रयोगांना आरंभ केला. परंतु त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, मार्गदर्शक नव्हता, सहकारीही नव्हते. कोणत्याही विद्यापीठात ते अध्यापक नव्हते. प्रयोगकर्ता आणि प्रयोगाचा विषय या दोन्ही भूमिका त्यांनी स्वतःच स्वीकारल्या. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला हा तपशील जवळचा वाटावा असा आहे. स्मरणविषयक आधुनिक संशोधनाचा पाया संस्थेच्या आधाराविना, एकट्याने अभ्यास करणाऱ्या माणसाने घातला.

मोजमापाची अडचण आणि तिच्यावरील उपाय

स्मरण मोजायचे तर पहिली अडचण पाठांतराच्या मजकुराची होती. कविता पाठ करावी, तर तिच्यातील एखादी ओळ ओळखीची निघते, एखादी प्रतिमा मनाला भिडते, यमक पुढचा शब्द सुचवते. मग पाठ झाले ते श्रमाने की पूर्वपरिचयाने, हे ठरवणे कठीण होते. यावर उपाय म्हणून एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट तयार केले. दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर, अशी त्या प्रत्येकाची घडण होती. मराठीत कल्पना करायची झाल्यास ‘झेप्’ किंवा ‘गोर्’ असे गट टाळून ज्यांना काहीच अर्थ चिकटत नाही अशा ‘ढुब्’, ‘णेझ्’ यांसारख्या गटांची कल्पना करावी. असे सुमारे २३०० अक्षरगट त्यांनी सिद्ध केले. ते मिसळून त्यांतून चिठ्ठ्या काढल्याप्रमाणे गट उचलायचे आणि त्यांच्या ठरावीक लांबीच्या माळा करायच्या, अशी त्यांची रीत होती.

दुसरी अडचण स्वतःच्या मनाची होती. तिच्यासाठी त्यांनी कडक नियम घालून घेतले. माळ नेहमी आरंभापासून शेवटपर्यंत वाचायची, अवघड भाग वेगळा काढून घोकायचा नाही. वाचनाचा वेग घड्याळाच्या ठोक्याशी बांधलेला, मिनिटाला १५० अक्षरगट असा ठेवायचा. अक्षरगटांना ओढूनताणून अर्थ चिकटवायचा नाही. प्रयोगाची वेळ दिवसाच्या ठरावीक तासांतच ठेवायची आणि प्रयोगांच्या काळात दिनक्रमात मोठा बदल होऊ द्यायचा नाही. माळ एकदा बिनचूक म्हणता आली की ती पाठ झाली असे धरायचे आणि त्यासाठी लागलेला वेळ व आवर्तने नोंदवायची.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म होती. पाठ केलेली माळ काही दिवसांनी म्हणता आली नाही, तर ती पूर्णपणे नष्ट झाली असे मानायचे काय? येथे एबिंगहाउस यांची प्रतिभा दिसते. आठवत नाही म्हणजे काहीच उरले नाही, असे गृहीत न धरता त्यांनी तीच माळ पुन्हा पाठ करण्यास किती कमी वेळ लागतो, हे पाहिले. समजा, एखादी माळ पहिल्यांदा पाठ करण्यास १००० सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा पाठ करण्यास ६६० सेकंद पुरले, तर ३४० सेकंदांची, म्हणजे ३४ टक्के बचत झाली. ही बचत म्हणजेच मनात उरलेल्या ठशाचे माप. या पद्धतीस ‘बचत पद्धती’ असे म्हणतात.

प्रयोगांची पहिली फेरी १८७९–८० मध्ये आणि पडताळ्याची दुसरी फेरी १८८३–८४ मध्ये पार पडली. मधल्या काळात, १८८० मध्ये, बर्लिन विद्यापीठात त्यांना अध्यापनाचा अधिकार मिळाला होता. आपल्याच निष्कर्षांवर विसंबून न राहता काही वर्षांनी ते सर्व श्रम पुन्हा करून पाहण्याची त्यांची वृत्ती संशोधकाच्या सचोटीचा नमुना मानली जाते.

प्रयोगांतून काय दिसले?

या प्रयोगांचे चार निष्कर्ष आपण विशेष लक्षात ठेवू.

पहिला निष्कर्ष लांबीविषयी आहे. सात अक्षरगटांची माळ त्यांना एकाच वाचनात म्हणता येई. परंतु बारा गटांच्या माळेला सरासरी सोळा-सतरा आवर्तने आणि छत्तीस गटांच्या माळेला पंचावन्न आवर्तने लागत. लांबी सातावरून बारावर गेली की श्रम एकाएकी कितीतरी पटींनी वाढतात. एका बैठकीत थोडेच पाठ करावे, या व्यावहारिक शहाणपणामागे हा हिशेब आहे.

दुसरा निष्कर्ष अर्थाविषयी आहे. तुलनेसाठी त्यांनी बायरन या इंग्रज कवीच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातील कडवी पाठ केली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक मजकुराच्या मानाने अर्थपूर्ण काव्याला सुमारे एक दशांश श्रम पुरले. समजून वाचलेले आणि न समजता घोकलेले यांत दसपट अंतर पडू शकते, हे येथे आकड्यांत दिसले.

तिसरा निष्कर्ष विस्मरणाच्या गतीविषयी आहे. पाठ केल्यानंतर वेगवेगळ्या अंतराने त्यांनी जी बचत मोजली, ती पुढीलप्रमाणे होती :

• सुमारे २० मिनिटांनी – ५८ टक्के
• एका तासाने – ४४ टक्के
• सुमारे ९ तासांनी – ३६ टक्के
• एका दिवसाने – ३४ टक्के
• दोन दिवसांनी – २८ टक्के
• सहा दिवसांनी – २५ टक्के
• एकतीस दिवसांनी – २१ टक्के

हे आकडे आलेखावर मांडले की जी रेषा मिळते, तिला ‘विस्मरणरेषा’ म्हणतात. तिचा आकार लक्षात घ्यावा. आरंभी ती कड्यासारखी कोसळते आणि नंतर जवळजवळ सपाट होत जाते. पहिल्या एका तासात जेवढे हरवते, तेवढे पुढच्या संपूर्ण महिन्यातही हरवत नाही. याचा अर्थ असा की वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळ विसरलेले असणे हे मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. ती मनाची नियमित चाल आहे.

चौथा निष्कर्ष उजळणीविषयी असून आपल्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. तीच माळ रोज पुन्हा पाठ केली तर लागणारी आवर्तने भराभर कमी होत गेली. बारा गटांच्या माळेला पहिल्या दिवशी सुमारे साडेसोळा, दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी साडेसात आणि चौथ्या दिवशी पाच आवर्तने पुरली. मग त्यांनी आणखी एक तुलना केली. बारा गटांची माळ एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हटली असता दुसऱ्या दिवशी जो लाभ दिसला, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या केवळ ३८ आवर्तनांनी मिळाला. श्रम जवळजवळ निम्म्यावर आले आणि फळ तेवढेच राहिले. फरक केवळ श्रमांच्या वाटणीचा होता.

ग्रंथ, मानसन्मान आणि एक निराशा

हे सर्व संशोधन १८८५ मध्ये स्मरणविषयक एका छोटेखानी ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. मानसशास्त्रातील उच्च मानसिक व्यापारांचा प्रयोगाने अभ्यास करता येतो, हे या ग्रंथाने सिद्ध केले. अमेरिकेत विल्यम जेम्स यांच्यासारख्या विचारवंताने त्याची आदराने दखल घेतली. १९१३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले.

बर्लिनमध्ये एबिंगहाउस लोकप्रिय अध्यापक होते. त्यांच्या विवेचनात स्पष्टता होती आणि विनोदाची झाकही होती. १८९० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आर्थर क्योनिग यांच्या सहकार्याने त्यांनी मानसशास्त्र आणि ज्ञानेंद्रियांचे शरीरक्रियाशास्त्र यांना वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. हेल्महोल्ट्झ यांच्यासारख्या थोर वैज्ञानिकाचे सहकार्य त्यास लाभले.

तथापि विद्यापीठीय प्रतिष्ठेच्या गणितात त्यांची बाजू उणी पडली. बर्लिन येथील प्राध्यापकपद १८९४ मध्ये कार्ल श्टुम्फ यांना मिळाले. एबिंगहाउस यांच्या नावावर प्रकाशित ग्रंथ आणि निबंध फार नव्हते, हे त्यामागील एक कारण असल्याचे सांगितले जाते. एक माळ, पुन्हा तीच माळ, काही वर्षांनी पुन्हा तोच प्रयोग, अशा रीतीने काम करणाऱ्याची यादी लांबत नाही. त्याच वर्षी ते ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक म्हणून गेले. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. तेथे त्यांनी प्रयोगशाळा उभारली.

याच काळात विल्हेल्म डिल्टाय या तत्त्वज्ञाने प्रायोगिक आणि कारणमीमांसक मानसशास्त्रावर कठोर टीका केली. मनाचे आकलन वर्णनाने व अनुभूतीने करावे, निसर्गविज्ञानाच्या रीतीने नव्हे, अशी डिल्टाय यांची भूमिका होती. एबिंगहाउस यांनी १८९६ मध्ये तिला सडेतोड उत्तर दिले. मानव्यविद्या आणि निसर्गविज्ञाने यांच्या सीमारेषेवरील हा वाद साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही अपरिचित नसावा, कारण पुढे साहित्यसमीक्षेतील अर्थनिर्णयाच्या चर्चेतही डिल्टाय यांचे नाव वारंवार येते.

ब्रेस्लाऊच्या शाळांमध्ये मुलांना सकाळी सलग तास होत असत. त्यामुळे त्यांना कितपत थकवा येतो, हे तपासण्याचे काम निघाले, तेव्हा एबिंगहाउस यांनी एक नवी चाचणी तयार केली. परिच्छेदातील काही शब्द वा अक्षरे गाळून विद्यार्थ्यांना ती भरावयास सांगण्याची ही चाचणी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाच्या श्रेणीत तशा प्रकारच्या प्रश्नांचा उपयोग केला. परीक्षेत आपण सोडवतो त्या ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नप्रकाराचे शास्त्रीय रूप त्या चाचणीत पाहावयास मिळते.

अखेरची वर्षे

१९०५ मध्ये एबिंगहाउस हाले विद्यापीठात गेले. विद्यार्थिदशेत ज्या गावी त्यांनी काही काळ अध्ययन केले होते, तेथेच ते आता प्राध्यापक झाले. मानसशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड यापूर्वीच प्रसिद्ध झाला होता. १९०८ मध्ये त्याच विषयाची एक संक्षिप्त रूपरेषा त्यांनी लिहिली आणि तीही वाचकप्रिय झाली. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूमोनियाच्या आजाराने हाले येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५९ वर्षांचे होते. त्यांचे पुत्र युलिउस एबिंगहाउस हे पुढे कांटच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक म्हणून नावारूपास आले.

त्यांच्या प्रौढ वयातील एक प्रयोग येथे आवर्जून नोंदवला पाहिजे. तरुणपणी पाठ केलेली ‘डॉन जुआन’मधील कडवी त्यांनी बावीस वर्षांनी पुन्हा पाठ करून पाहिली. मधल्या काळात ती त्यांनी डोळ्यांखालून घातली नव्हती. तरीही नव्या कडव्यांच्या तुलनेत जुन्या कडव्यांना किंचित कमी वेळ लागला. ज्या कडव्यांची पूर्वी अनेक दिवस उजळणी झाली होती, त्यांच्या बाबतीत बचत अधिक आढळली. शाळा सोडून वीस वर्षे झालेल्या विद्यार्थ्याने हा प्रयोग ध्यानात ठेवावा. आठवत नाही म्हणून सारे पुसले गेले, असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्यांदा शिकणारा माणूस अगदी शून्यापासून आरंभ करीत नसतो.

प्रयोगशाळेतून अभ्यासिकेकडे

एबिंगहाउस यांनी प्रश्नकार्डांची पद्धत सुचवली नव्हती. अंतराने केलेल्या उजळणीचा लाभही त्यांनी आपल्या ग्रंथात थोडक्यातच नोंदवला होता. त्या बीजाची वाढ इतरांनी केली. १८९७ मध्ये आडोल्फ योस्ट यांनी असे दाखवले की दोन आठवणी सारख्याच बळाच्या असतील, तर त्यांतील जुन्या आठवणीला नव्या आवर्तनाचा लाभ अधिक होतो. थोडा काळ जाऊ देऊन केलेली उजळणी का फळते, यावर या नियमाने प्रकाश पडला.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सेबास्टियान लाइटनर यांनी सामान्य विद्यार्थ्याला वापरता येईल अशी पेटीची पद्धत लोकप्रिय केली. पेटीला पाच कप्पे असतात. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात ठेवायचे. उत्तर बरोबर आले की ते पुढच्या कप्प्यात जाते. चुकले की ते कोणत्याही कप्प्यातून पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. पुढच्या कप्प्यातील कार्डांची पाळी अधिकाधिक अंतराने येते. परिणामी पाठ झालेल्या गोष्टींवर वेळ वाया जात नाही आणि कच्च्या गोष्टी वारंवार समोर येतात. १९८७ पासून हाच हिशेब संगणकाकडे सोपवणाऱ्या प्रणाली निर्माण झाल्या. आज त्या मोबाइलवरही उपलब्ध आहेत. परंतु पुठ्ठ्याची पेटी आणि जाड कागदाचे तुकडे यांवरही काम उत्तम भागते.

आपल्या अभ्यासक्रमासाठी आरंभ पुढीलप्रमाणे करता येईल.

१. प्रथम घटक समजून वाचावा. अर्थाशिवाय पाठांतर दसपट महाग पडते, हे आपण पाहिले आहे. न समजलेल्या मजकुराचे कार्ड करू नये.

२. एका कार्डावर एकच प्रश्न लिहावा. एका बाजूस ‘यमुनापर्यटन ही कादंबरी कोणी व केव्हा लिहिली?’ आणि मागील बाजूस ‘बाबा पदमनजी, १८५७’, असे कार्ड चालेल. ‘महानुभाव साहित्याची माहिती’ असे कार्ड मात्र चालणार नाही. त्याचे लीळाचरित्राचा कर्ता, विषय, भाषाविशेष असे तुकडे करावेत.

३. कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर स्वतः आठवावे, शक्य तर मोठ्याने म्हणावे. नुसते डोळे फिरवल्याने ओळख पटते, पण उत्तरपत्रिकेवर ओळख उपयोगी पडत नाही. तेथे आठवावे लागते.

४. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने पाहावा. हे अंतर काटेकोर नियम म्हणून घेऊ नये. परीक्षेची तारीख आणि विषयाची काठिण्यपातळी पाहून ते कमीजास्त करावे.

५. रोज पाच ते दहाच नवी कार्डे घ्यावीत. आज घेतलेले प्रत्येक कार्ड पुढे अनेकदा परत येते. उत्साहाच्या भरात पन्नास कार्डे घेतली, तर आठवड्याभरात उजळणीचा डोंगर उभा राहतो.

६. काही दिवस खंड पडला तर पेटी सोडून देऊ नये. नवी कार्डे थांबवून जुनी थोडी थोडी हातावेगळी करावीत.

दीर्घोत्तरी प्रश्नांसाठी उत्तराचे मुद्दे कार्डावर घेता येतात. परंतु मुद्द्यांची गुंफण, विवेचन आणि रसग्रहण यांचा सराव लिहूनच करावा लागतो. कार्डे सामग्री पुरवतात, निबंध लिहीत नाहीत.

या संशोधनाच्या मर्यादा

एबिंगहाउस यांचे आकडे एकाच माणसाचे आहेत आणि ते निरर्थक अक्षरगटांविषयीचे आहेत. म्हणून कोणताही विद्यार्थी कोणत्याही विषयाचा दोन तृतीयांश भाग एका दिवसात विसरतो, असा सरसकट निष्कर्ष त्यांतून काढणे योग्य नव्हे. अर्थपूर्ण, आवडीचा आणि आधीच्या ज्ञानाशी जोडलेला मजकूर अधिक टिकतो. तरीही विस्मरणरेषेचा आकार खरा ठरला आहे. २०१५ मध्ये आम्सटरडॅम येथील संशोधकांनी त्यांच्याच पद्धतीने हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यांनाही तशाच वळणाची रेषा मिळाली.

सारांश

हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी स्वतःवर दीर्घकाळ प्रयोग करून स्मरण आणि विस्मरण यांना मोजमापाच्या कक्षेत आणले. निरर्थक अक्षरगट आणि बचत पद्धती ही त्यांची दोन प्रमुख साधने होत. विस्मरण आरंभी वेगाने आणि नंतर सावकाश होते. अर्थपूर्ण मजकूर कमी श्रमात पाठ होतो. आणि विभागून केलेली उजळणी सलग उजळणीपेक्षा कमी श्रमात तेवढेच फळ देते, हे त्यांनी दाखवले. विसरणे हा अपराध नसून नियम आहे, आणि नियम कळला की त्याच्या कलाने अभ्यास आखता येतो. दिवसातील मोजका वेळ हाती असणाऱ्या विद्यार्थ्याला याहून मोठा दिलासा क्वचितच मिळेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील प्रश्नांची उत्तरे प्रथम मजकूर न पाहता द्यावीत आणि मग पडताळून घ्यावीत. चुकलेले प्रश्न कार्डावर उतरवून उद्या पुन्हा सोडवावेत.

१. पाठांतरासाठी एबिंगहाउस यांनी कवितेऐवजी निरर्थक अक्षरगट का निवडले?
२. ‘बचत पद्धती’ म्हणजे काय, ते स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. ६८ आणि ३८ या आकड्यांचा परस्परसंबंध सांगा.
४. बावीस वर्षांनंतरच्या प्रयोगाचे प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्व विशद करा.
५. आपल्या अभ्यासक्रमातील कोणत्याही एका घटकावर दहा प्रश्नकार्डे तयार करा आणि त्यांच्या महिनाभराच्या उजळणीचे वेळापत्रक आखा.